इंटरनेटचे नवे पत्ते आणि आपले जुने प्रोग्रॅम

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात लोणावळा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेला हा आपल्याच गावचा माणूस मुलांना भवितव्याविषयी चार उत्तेजक शब्द ऐकवील, अशा अपेक्षेने संस्थेच्या चालकांनी मला आज बोलावले असावे. तसे भाषण मी लिहूनही पाहिले. ते घरी वाचून दाखवले तेव्हा आमच्या अम्मीला जांभई आली. तेव्हा ते बाजूला ठेवून माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकिगतच आपणांस सांगावी असे मी ठरवले आहे. चूक लहान होती. तिची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी मोजली, आणि ती मोजणारी एक मुलगी होती, म्हणून ही गोष्ट पालकांनीही ऐकावी अशी माझी विनंती आहे.

२०१९ सालचा जून महिना. कामशेतच्या पुढे पवन मावळातल्या एका खेड्यातून मला फोन आला. फोन करणारे गृहस्थ टेम्पो चालवतात, आमची जुनी ओळख. म्हणाले, "भाई, पोरगी तीन दिवस मोबाईलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतेय आणि दर वेळी 'आपण भरलेली माहिती चुकीची आहे' असं येतंय. तिथल्या ऑफिसात फोन केला तर ते म्हणतात, तुमची मुलगी नीट भरत नाही. उद्या शेवटची तारीख. आता ती रडतेय, आणि मलाही वाटायला लागलं की हिलाच काही येत नसेल."

मी त्यांना सांगितले की मुलीला लोणावळ्याला घेऊन या. बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर तिने तोच फॉर्म, तीच माहिती, तेच गुण भरले, आणि पहिल्याच खेपेस तो स्वीकारला गेला. सगळे खूश झाले. दुकानदाराने निकाल दिला की मोबाईलवर फॉर्म भरूच नयेत. वडिलांनी तो मानला, आणि माझी खात्री आहे की गावात जाऊन तो दहा जणांना सांगितलाही. मी मात्र घरी परत येताना अस्वस्थ होतो. याचे कारण असे की 'आपण भरलेली माहिती चुकीची आहे' हे वाक्य माझे होते. २००६ साली त्या संस्थेसाठी, तिचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही, फॉर्म घेणारा तो प्रोग्रॅम मीच लिहून दिला होता.

त्या रात्री मी जुन्या फायली उघडल्या. मुलीचे नाव, जन्मतारीख, गुण यांत काहीच चुकीचे नव्हते. चुकीचा ठरवला गेला होता तो तिच्या मोबाईलचा इंटरनेटवरचा पत्ता. तो पत्ता तिने भरलेला नव्हता. तो भरायचाही नसतो. तो संगणक आपसांत देतात-घेतात. माझ्या प्रोग्रॅमला तो वाचता आला नाही, आणि वाचता न आलेल्या प्रोग्रॅमने दोष फॉर्म भरणारीवर टाकला.

आता हा पत्ता म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी मला क्षमा करावी.

आपल्या लोणावळ्याचा पिनकोड ४१०४०१, हे तर तुम्ही झोपेतही सांगाल. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस होते, संस्कृतचे कवीही होते. सहा आकडे, सहा चौकोन. आता समजा, आपल्यापैकी कोणाचा भाऊ लंडनला आहे. तिकडच्या टपालाच्या कोडात अक्षरेही असतात. कोणाचे मेहुणे दुबईला आहेत, तिकडे घरोघरी पिनकोड ही भानगडच नाही, पोस्टाच्या पेटीचा नंबर चालतो. आपण येथे छापलेला फॉर्म त्यांच्याकडे पाठवला, त्यात सहा चौकोन आहेत आणि खाली लिहिले आहे की आकडेच भरावेत. ते काय भरणार? पुष्कळ जण सहा शून्ये भरून मोकळे होतात. त्यांचा पत्ता खोटा नाही. फॉर्म छापणाऱ्याने पत्त्याचा आकार आपल्या मनाने ठरवून टाकला, एवढेच झाले.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला असाच एक पत्ता लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांप्रमाणे तो ३२ बिटांचा असे. लिहिताना मध्ये ठिपके देऊन चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ यांमधला. या पद्धतीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. १९८१ साली पृथ्वीवरची माणसेच ४५० कोटींच्या आसपास होती, म्हणजे पहिल्या दिवसापासून माणशी एक पत्ताही नव्हता. परंतु तेव्हा ते जाळे काही विद्यापीठे आणि अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळा यांच्यापुरते होते. खिशात संगणक घेऊन माणूस राजमाची चढेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे त्या लोकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागताच डिसेंबर १९९५ मध्ये नव्या पत्त्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला. योगायोग पाहा, त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले होते. म्हणजे आपल्याकडे जुना पत्ता घरात येतो न येतो तोच त्याचा वारस जन्माला आला होता. नवा पत्ता १२८ बिटांचा. तो आठ गटांत लिहितात, प्रत्येक गटात जास्तीत जास्त चार चिन्हे, चिन्हे म्हणजे ० ते ९ आणि इंग्रजीतील ए ते एफ ही अक्षरे, आणि मध्ये ठिपक्याऐवजी अपूर्णविराम. या पद्धतीत होणाऱ्या पत्त्यांची संख्या ३९ आकडी आहे. ती मी येथे वाचून दाखवत नाही, प्रमुख पाहुण्यांना पुण्याची लोकल गाठायची आहे.

जुने पत्ते संपले कधी? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकच्या वाटणी केंद्राचा साधा साठा संपून काटकसरीचे रेशन सुरू झाले. आपण त्याच रांगेत होतो. आपल्या दूरसंचार विभागाने नव्या पत्त्यांकडे जाण्याचा पहिला आराखडा २०१० मध्ये काढला, दुसरा २०१३ मध्ये. पण खरी वस्तुस्थिती बदलली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर. एवढ्या कोटी ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते आणायचे कोठून? म्हणून नव्या कंपनीने आपले जाळे नव्या पत्त्यांवरच उभे केले. आज भारतातील इंटरनेटचा निम्म्याहून अधिक वापर नव्या पत्त्यांवरून होतो, आणि या बाबतीत आपला देश जगातल्या अगदी पुढच्या देशांत आहे. आज घरी गेल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये पाहा. पुष्कळांना २४०९ किंवा २४०१ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसेल.

तर त्या मुलीचा मोबाईल नव्या पत्त्याचा होता. झेरॉक्सच्या दुकानातले कनेक्शन जुन्या पत्त्याचे होते. माझा प्रोग्रॅम ज्या भाड्याच्या संगणकावर होता, त्या पुरवठादाराने त्या वर्षी नव्या पत्त्यांसाठीही दार उघडले. तोपर्यंत जिओच्या ग्राहकालाही जुन्या दाराने, मधल्या भाषांतर करणाऱ्या यंत्रामार्फत यावे लागत होते, म्हणून चूक तेरा वर्षे झाकलेली राहिली. नवे दार उघडले, मुलगी सरळ त्या दाराने आत आली, आणि आत बसलेल्या माझ्या कारकुनाने तिला हाकलून दिले.

येथे विद्यार्थ्यांसाठी जरा आतले सांगतो, कारण बारावीनंतर ज्यांना या धंद्यात यायचे आहे त्यांच्यापुढे हेच काम येणार आहे.

एक प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावरील प्रोग्रॅमशी बोलतो तेव्हा तो 'सॉकेट' उघडतो. भिंतीत विजेचे सॉकेट असते, त्यावरून हे नाव समजून घ्या. तारेच्या पलीकडे काय आहे ते न पाहता आपण पिन घालतो आणि काम सुरू होते. ही सोय ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधून बाहेर आली आणि तेव्हापासून जवळपास तशीच चालत आहे. मी पुण्यात १९९२ साली सी भाषा शिकलो तेव्हा सॉकेटचा पहिला धडा फळ्यावरून उतरवून घेतला, आणि पुढे वीस वर्षे तोच गिरवला. त्या धड्यात नाव देऊन पत्ता मागायची आज्ञा होती 'गेटहोस्टबायनेम'. ती जुनाच पत्ता देते. मिळालेला पत्ता 'सॉकॲडर इन' नावाच्या १६ बाइटच्या डब्यात ठेवायचा. त्यात जुनाच पत्ता मावतो. छापायचा असेल तर 'आयनेट एनटोए'. तीही जुनाच छापते. आणि अक्षरांत आलेला पत्ता आकड्यात करायचा असेल तर 'आयनेट ॲडर'. पत्ता समजला नाही तर ही शेवटची आज्ञा उणे एक हा आकडा परत देते. माझ्या प्रोग्रॅममध्ये ओळ होती: उणे एक आले तर 'आपण भरलेली माहिती चुकीची आहे' असे छापा आणि थांबा. मुलीला तीन दिवस रडवणारी ओळ ती हीच.

गंमत अशी की ज्यांनी सॉकेट बनवले त्यांनी पत्त्याच्या डब्यावर पहिली जागाच 'हा पत्ता कोणत्या कुळातला' हे लिहिण्यासाठी ठेवली होती. पत्ते अनेक कुळांचे असू शकतात हे त्यांना १९८३ साली माहीत होते. सर्वसाधारण डब्यात जागा मात्र त्यांनीही १४ बाइटचीच ठेवली, आणि नवा पत्ता एकटाच १६ बाइटचा आहे, तेव्हा त्यांचाही अंदाज थोडा चुकलाच. परंतु ती कुळाची जागा आम्ही प्रोग्रॅमरांनी कधी वाचली नाही. तेथे एक ठराविक शब्द लिहायचा असतो असे शिकलो आणि लिहीत गेलो.

दुरुस्ती काय? नवे नियम करणाऱ्यांनी १९९९ पासूनच आम्हाला साधन दिले होते. 'गेटॲडरइन्फो' नावाची आज्ञा आहे. तिला नाव द्या, ती पत्त्यांची यादी देते. नवे असोत, जुने असोत, प्रत्येकाबरोबर त्याचे कूळ आणि त्याच्या डब्याची लांबी सांगते. तुम्ही ती यादी एकेक करून पाहायची आणि जो लागेल त्याच्याशी बोलायचे. पत्त्याचा आकार तुमच्या प्रोग्रॅममध्ये कोठेही लिहायचा नाही. ठेवायला 'सॉकॲडर स्टोरेज' नावाचा मोठा डबा आहे, त्यात दोन्ही मावतात. मला ही आज्ञा माहीत नव्हती असे मी म्हणणार नाही. २००६ साली मी तिच्याविषयी वाचले होते. आपल्याकडे कोण वापरतो हे नवे पत्ते, असे म्हणून मी जुन्या धड्याकडे वळलो.

मला वाटले चार ओळींचे काम आहे. प्रत्यक्षात अकरा जागा निघाल्या. त्यांतल्या काहींचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही.

एका ठिकाणी पत्ता नोंदवहीत साठवण्यासाठी मी १५ अक्षरांचा रकाना ठेवला होता, कारण जुना पत्ता लांबात लांब १५ अक्षरांचा होतो. नवा पूर्ण लिहिला तर ३९ अक्षरांचा. म्हणजे पहिली ओळ दुरुस्त करून मी झोपी गेलो असतो तर मुलीचा फॉर्म पुढच्या खोलीत अडकला असता. दुसऱ्या ठिकाणी संगणकाचा पत्ता आणि दाराचा नंबर एकत्र लिहून मध्ये अपूर्णविराम दिला होता, आणि प्रोग्रॅम पहिल्या अपूर्णविरामावर तोडून पत्ता वेगळा करत असे. नव्या पत्त्यात सात-सात अपूर्णविराम! पहिल्यावर तोडला की हातात पत्त्याचा शेंडा राहणार. म्हणूनच नवा पत्ता दाराच्या नंबरासह लिहिताना चौकोनी कंसात घालतात.

तिसरी जागा तर मला फारच आवडली. एकच नवा पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. '२००१:डीबी८:०:०:०:०:०:१' आणि '२००१:डीबी८::१' हे दोन्ही एकच. मधली शून्ये गाळून दोन अपूर्णविराम दिले, एवढाच फरक. अक्षर अक्षर ताडून पाहणारा प्रोग्रॅम म्हणेल की ही दोन घरे आहेत. आपल्याकडे शेख हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहितात आणि शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे असले की आपली काय धावपळ होते, ते येथे बसलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. संगणकासाठी निदान २०१० साली एक प्रमाण लेखन ठरवून दिले गेले. आपल्या आडनावासाठी ते अजून कोणी ठरवलेले नाही.

दुरुस्ती केल्यावर मी ती रात्री चालू केली आणि सकाळी नऊ वाजता त्या संस्थेच्या कारकुनाचा फोन आला की आता त्यांनाच आत जाता येत नाही. झाले होते असे की नव्या सॉकेटने मी दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांसाठी एकच दार ठेवले. अशा दाराने जुना पाहुणा आला की त्याचा पत्ता नव्या वेषात दिसतो, पुढे 'एफएफएफएफ' लागून मग जुने चार आकडे. ऑफिसच्या संगणकाचा पत्ता माझ्या परवानगीच्या यादीत साध्या वेषात लिहिलेला. यादीशी जुळेना, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने ऑफिसलाच बाहेर ठेवले. मुलीला हाकलणारे ऑफिस आता स्वतः दारात उभे होते, याचे मला क्षणभर बरे वाटले, हे येथे कबूल करतो. दुपारपर्यंत ते दुरुस्त केले. दोन वेगळी दारे ठेवली, एक जुन्यांसाठी, एक नव्यांसाठी. त्याला आज्ञेत एक कळ आहे, ती फिरवावी लागते.

येथे आपल्या वडीलधाऱ्यांना एक ओळखीचा दाखला देतो. माझे वडील लोणावळा स्थानकावर रेल्वेत होते. घाटातली आपली लाईन १९२९-३० च्या सुमारास विजेवर आली, १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली, ती वीज १५०० व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. या शतकात ती बदलून २५,००० व्होल्टची एसी वीज आणली गेली. आता एवढी मोठी लाईन काही एका रात्रीत बदलत नाही आणि गाड्याही बंद ठेवता येत नाहीत. म्हणून त्या काळात दोन्ही विजांवर चालणारी इंजिने होती. एका हद्दीत एक वीज, पुढच्या हद्दीत दुसरी. डब्यात बसलेल्या प्रवाशाला चहाचा कप हलल्याचेही कळत नसे. इंटरनेटची आजची अवस्था तीच आहे. जुने पत्ते गेलेले नाहीत, लवकर जाणारही नाहीत. म्हणून आपले प्रत्येक इंजिन दोन्ही विजांवर चालले पाहिजे. याच जाळ्यात १ जानेवारी १९८३ रोजी एका ठराविक दिवशी सर्वांनी जुनी पद्धत सोडून नवी घेतली होती, पण तेव्हा संगणक शेकड्यांत मोजण्यासारखे होते. आता तसा दिवस कोणी ठरवू शकत नाही.

दोन विजांची हद्द आली की आणखी एक प्रश्न येतो. यादीत आधी नवा पत्ता आहे, पण वाटेत कोठेतरी नवा मार्ग तुटलेला आहे. जुन्या वळणाचा प्रोग्रॅम त्या तुटलेल्या मार्गावर मिनिट-दोन मिनिटे वाट पाहत बसतो आणि माणूस म्हणतो, नेट बंद आहे. यावर २०१२ मध्ये सुचवलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला उपाय फार व्यवहारी आहे. नव्या पत्त्याला हाक मारा, सुमारे पाव सेकंद थांबा, उत्तर नाही आले तर जुन्यालाही हाक मारा, आणि जो आधी ओ देईल त्याच्याशी बोला. मोठे ब्राउझर हेच करतात. माझ्यासारख्याने लिहिलेले लहान प्रोग्रॅम करत नाहीत.

आता पालकांशी थोडे. जुने पत्ते अपुरे असल्यामुळे कंपन्या एकेका जुन्या पत्त्यामागे शेकडो फोन बसवतात. पुष्कळ वेबसाइट मात्र अजून समजतात की एक पत्ता म्हणजे एक माणूस. परिणामी एका वसतिगृहातील चाळीस मुलांनी एकाच संध्याकाळी फॉर्म भरले की विसाव्या मुलाला 'फार वेळा प्रयत्न केला, उद्या या' असे उत्तर मिळते. माझ्याही प्रोग्रॅममध्ये तशी ओळ होती. नव्या पत्त्यांत उलटे होते. फोन आपला पत्ता स्वतःच अधूनमधून बदलत राहतो, माग काढता येऊ नये म्हणून तशी सोयच केलेली आहे. म्हणजे पत्त्यावरून माणूस ओळखण्याचा खटाटोप दोन्हीकडून फसतो. मी ती ओळ काढून टाकली. त्या मुलीसारख्यांचे फॉर्म उलट-सुलट लागण्याचे खरे कारण पुष्कळदा हे असते. आणि आपण घरी मुलांना म्हणतो, 'तुझं लक्षच नसतं.' यापुढे असे उत्तर आले तर रागावण्यापूर्वी एक करून पाहा. मोबाईलचा डेटा बंद करून दुसऱ्या कंपनीच्या कनेक्शनवर तोच फॉर्म भरा. तेथे चालला आणि येथे नाही, तर दोष मुलाचा नाही, आणि मोबाईलचाही नाही. तसे ऑफिसला लेखी कळवा. कोणत्या कनेक्शनवर चालला, कोणत्यावर नाही, किती वाजता, हे लिहा. माझ्यासारख्या माणसाला त्या तीन ओळी मिळाल्या असत्या तर तीन दिवस वाचले असते.

त्या मुलीला मी नंतर घरी बोलावून झालेला प्रकार सांगितला. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "चाचा, पत्ता समजला नाही तर 'पत्ता समजला नाही' असंच का नाही लिहिलं तुम्ही?" मला उत्तर देता आले नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वरिष्ठांपैकी कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. पुढे तिने पुण्यात संगणकाची पदविका केली आणि आज ती एका कंपनीत दुसऱ्यांचे जुने प्रोग्रॅम वाचून दुरुस्त करण्याचेच काम करते. असे काम कमीपणाचे, असे काही जण मानतात. गॅरेजमध्ये जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या मिस्त्रीचा जो मान, तोच मान या कामाला आहे असे मी मानतो, आणि मावळातल्या मुलांना त्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही.

आता शेवटी आपल्या संस्थेविषयी. गेल्या रविवारी मी आणि अकरावीचे सहा विद्यार्थी संगणक कक्षात बसलो आणि संस्थेचे स्वतःचे प्रोग्रॅम तपासले. प्रवेशाचा फॉर्म ठीक आहे. फी भरण्याच्या पानावर तो १५ अक्षरांचा रकाना होता, तो मुलांनी माझ्यादेखत ४५ चा केला. ३९ पुरेल असे त्यांचे म्हणणे होते, पण जुना पत्ता नव्या वेषात पूर्ण लिहिला तर ४५ लागतात, हे त्यांना करून दाखवावे लागले. ग्रंथालयाच्या प्रोग्रॅममध्ये अजून तीन जागा राहिल्या आहेत. त्या कोणत्या फायलीत, कोणत्या ओळीत, ते संगणक कक्षातील कपाटात हिरव्या वहीत लिहून ठेवले आहे. किल्ली ग्रंथपाल बाईंकडे आहे.